लिफ्टमध्ये चिकटवलेली यादी

यादी निरीक्षकांनी हौसेनं दिली नव्हती, मागितली म्हणून दिली होती. पुढचे पंधरा दिवस ते हे भेटेल त्याला सांगत होते, आणि भेटेल तो "पण लिहिलीत तुम्हीच ना?" असं विचारून त्यांचं डोकं उठवत होता.

त्यांची कंपनी लिफ्टची देखभाल करायची. शहरातल्या एकशे चाळीस इमारतींच्या लिफ्ट वर्षातून एकदा तपासायच्या आणि सुरक्षित असल्याची सही करायची, हे निरीक्षकांचं काम. अठ्ठावीस वर्षांत त्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. फावल्या वेळात ते वाचत, आणि वाचत ते असलं काही अंगावर काटा आणणारं, की बायकोनं ती पुस्तकं कपाटात पाठमोरी लावून ठेवली होती. सरळसोट गोष्ट त्यांना वाचवतच नसे. वर्षअखेरीला मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात आलं, की प्रत्येकानं वर्षभरात वाचलेल्या चांगल्या पुस्तकांची यादी द्यावी, ती ऑफिसच्या फळ्यावर लावू. बाकीच्यांना एक पुस्तक आठवताना घाम फुटला. निरीक्षकांनी एका बैठकीत नऊ पुस्तकं लिहून दिली, प्रत्येकाखाली दोन ओळींचा अभिप्राय, आणि शेवटी सवयीनं सही.

घोळ झाला तो या सहीनं. निरीक्षकांच्या सहीचा कागद टायपिंगच्या बाईंकडे आला, की त्याचं काय करायचं हे ठरलेलं होतं. वर 'सुरक्षा निरीक्षकांची शिफारस' असा मथळा टाकायचा, एकशे चाळीस प्रती काढायच्या आणि प्रत्येक लिफ्टच्या आत, आरशाशेजारी चिकटवायला पाठवायच्या. बाईंनी वीस वर्षांत त्यातलं एक अक्षर वाचलं नव्हतं. दाराला टेकू नका, यापलीकडे त्यात वाचण्यासारखं असायचं तरी काय?

सोमवारी सकाळी कामाला निघालेल्या लोकांनी लिफ्टमध्ये वाचलं, 'क्रमांक चार. एक गृहस्थ रोज लिफ्टनं घरी येतात. एके दिवशी दार उघडतं. मजला तोच, पायपुसणं तेच, पण घरातलं कुणी त्यांना ओळखत नाही. सर्वांनी अनुभव घ्यावा.' त्याखाली, 'क्रमांक पाच. बंद जागेत चौघं असतात. मोजली की पाच भरतात. एकटं असताना विशेष परिणामकारक.' मुळात प्रत्येकापुढे पुस्तकाचं नाव होतं, पण नावं मोठी म्हणून कागदात मावेनात, तेव्हा बाईंनी ती गाळून टाकली होती.

दुपारपर्यंत ऑफिसातला फोन तापला. एक आजोबा सात मजले चढून गेले होते आणि आता खाली यायला तयार नव्हते. एका बाईंना नवऱ्यानं दारातच पाच प्रश्न विचारून मग आत घेतलं होतं. एका इंजिनियरानं तर शांतपणे विचारलं, की लिफ्टला चार माणसांची मर्यादा आहे, तर ते पाचवं वजनात धरायचं की कसं.

"अहो साहेब, ती पुस्तकं आहेत," निरीक्षक म्हणाले.

"मग चांगली वाचायला काय झालं होतं?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

साहेबांनी लगोलग खुलासा लिहिला आणि तोही सगळ्या लिफ्टमध्ये चिकटवला. 'वरील प्रकार आमच्या लिफ्टमध्ये घडल्याची नोंद अद्याप नाही.' जे आतापर्यंत धीर धरून होते, तेही हे वाचून जिन्याकडे वळले.

शेवटी सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. चौदा मजली इमारत, आणि तिथल्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. निरीक्षकांनी स्वतः येऊन माझ्याबरोबर तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत यावं, नाहीतर आम्ही दुसरी कंपनी बघतो, असं त्यांनी बजावलं होतं. बाईंची खात्री पटली नाही तर सहीचा अधिकार काढून घेईन, उरलेली दोन वर्षं गोदामात बसा, असं साहेबांनी वर सांगितलं. आयुष्यात अभिमान वाटावा अशी निरीक्षकांकडे ती एक सहीच होती.

"अठ्ठावीस वर्षांची अब्रू," बायको म्हणाली, "आणि घालवली कुणापायी, तर त्या पाचव्या माणसापायी."

दुसऱ्या दिवशी निरीक्षक गेले. दोर, ब्रेक, दारं, सगळं तपासलं. आत वजनं ठेवून लिफ्ट दहा वेळा वरखाली फिरवली. कुठं म्हणून खोट नव्हती. अध्यक्षबाई खुर्ची टाकून हे सगळं बघत होत्या. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, चला. निरीक्षकांनी दार धरून त्यांना पुढे व्हायला सांगितलं. बाईंनी त्यांनाच पुढे व्हायला सांगितलं. हे तीन वेळा झालं.

"बाई, खोटं बोलत नाही," निरीक्षक अखेर म्हणाले. "लिफ्ट ठणठणीत आहे. पण मी स्वतः मार्च महिन्यापासून कुठल्याच लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही. वरच्या मशीनपर्यंत जिन्यानं जातो."

"क्रमांक चार?"

"क्रमांक चार."

अध्यक्षबाईंनी इकडेतिकडे पाहिलं.

"मी तुमच्या ऑफिसला फोन करून नाव विचारलं आणि मागवलं ते पुस्तक," त्या हळूच म्हणाल्या. "चौतीस वर्षं शाळा चालवली, कुणाच्या बापाला भ्याले नाही. आता घरी गेले की आधी सुनेला विचारते, मी कोण ते सांग."

दोघं जिन्यानं वर निघाले. दर मजल्यावर थांबून दम खाल्ला आणि त्या गृहस्थांचं शेवटी काय झालं असेल यावर वाद घातला. चौदाव्या मजल्यावर पोचायला त्यांना पाऊण तास लागला. तिथंच गच्चीच्या दाराशी बसून बाईंनी पत्र लिहिलं. निरीक्षक स्वतः माझ्याबरोबर तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत आले, लिफ्टबद्दल माझी पूर्ण खात्री पटली आहे. मुख्याध्यापिकेनं लिहावं तसं, शब्द न् शब्द खरा.

मॅनेजरसाहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि निरीक्षकांच्या पाठीवर थाप मारली. सहीचा अधिकार कायम राहिला. निरीक्षकांचे डोळे भरून आले. तोवर साहेबांनी पत्राच्या प्रती काढायला सांगितल्या होत्या. उरलेल्या एकशे एकोणचाळीस इमारतींना त्या जाणार होत्या आणि खाली साहेबांची ओळ होती, की आमचे निरीक्षक उद्यापासून प्रत्येक इमारतीत येऊन रहिवाशांना स्वतः लिफ्टनं वर नेतील.

पहिली इमारत बावीस मजल्यांची होती.