गारोची खाज आणि देन्काचा चाळिसावा

“एक कुत्रा सांभाळायचा, त्यात काय मोठं?” बायको गेल्यापासून स्तोइमेन येईल त्याला ऐकवत होता. “जन्मभर या सेव्हलिएव्हो शहरात बस हाकली. दारुडे, बकऱ्या, शाळेतली कार्टी, सगळ्यांना सुखरूप पोचवलं. हा चार पायांचा मला जड जाणार?”

जड गेला! देन्का कर्करोगानं गेली आणि गारो कुत्र्याची खाज दुप्पट झाली. पोटावरचे केस झडले, कानामागून रक्त येऊ लागलं. त्याचं सगळं देन्काच बघायची. स्तोइमेनला एवढंच ठाऊक होतं की ती न्हाणीघरात त्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारते. इस्पितळात शेवटचं बोलली तेही कुत्र्याबद्दलच. “त्याला कुणाला साखळीला बांधू देऊ नकोस.”

साखळी होती झ्लात्काकडे. झ्लात्का म्हणजे देन्काची थोरली बहीण. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी ती गावाहून आली आणि दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली.

“अरे, काय दशा केलीस मुक्या जिवाची! उद्याचं उरकलं की मी नेते याला. अंगणात बांधीन, मोकळ्या हवेत सुधारेल.”

“उद्यापर्यंत बरा करून दाखवतो!” स्तोइमेन गरजला.

जनावरांच्या डॉक्टरनं उपाय सांगितला होता. ओट्स दळून कोमट पाण्यात कालवायचे, त्यात बाटलीतलं औषध झाकणभर घालायचं आणि अंगाला चोळायचं. शिवाय दटावलं होतं, “गहू मात्र अजिबात नाही. पावाचा तुकडासुद्धा नाही!”

दळायचा कंटाळा. स्तोइमेननं ओट्सचे अख्खे दाणेच शिजवले. शेजारच्या शेगडीवर झ्लात्का कबरीवर वाटायचे गहू उकडत होती. दोन्ही पातेली गच्चीत निवायला ठेवली. झ्लात्का चष्मा गावी विसरलेली, आणि स्तोइमेनचं लक्ष तसंही कशातच नव्हतं.

सकाळी घाई उडाली. झ्लात्कानं एका पातेल्यावर साखर, अक्रोड पसरून वर साखरेच्या गोळ्यांचा क्रूस काढला. स्तोइमेननं दुसरं उचलून टबात गारोवर उपडं केलं, खसाखसा चोळलं. “भीज जरा. आल्यावर धुतो,” म्हणून दार ओढून घेतलं.

कबरीपाशी प्रार्थना झाली. पाद्रीबाबांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांचा जबडा मध्येच थांबला. शेजारची त्सेनाआजी पुटपुटली, “झ्लात्का, हे गिळगिळीत का गं लागतंय?”

स्तोइमेननं पातेल्यात डोकावून पाहिलं. ओट्स! पाठोपाठ आठवलं, औषध! घातलं होतं की नव्हतं?

“थुंका!” तो ओरडला. “कुणी गिळू नका! त्यात औषध आहे!”

“कसलं औषध?”

“खाजेचं! कुत्र्याच्या!”

मग जी धांदल उडाली! पाद्रीबाबा झुडपामागे धावले. त्सेनाआजीनं घशात बोट घातलं. कुणी म्हणालं उंदराचं औषध, कुणी म्हणालं म्हाताऱ्यानं आधी बायको संपवली, आता आपल्याला! झ्लात्का रडत किंचाळली, “माझ्या बहिणीच्या कबरीवर लोक ओकताहेत रे!”

डॉक्टरला फोन लावायला स्तोइमेननं खिशात हात घातला. हाताला बाटली लागली. सील शाबूत!

“काही नाही,” तो चिरक्या आवाजात म्हणाला. “नुसते ओट्स आहेत. खा आता.”

कुणीही खाल्लं नाही.

आणि मग त्यानं पुन्हा पातेल्यात पाहिलं. हे ओट्स, तर टबात काय होतं?

तो आणि झ्लात्का धापा टाकत घरी पोचली. गारोनं टब चाटून लखलखीत केला होता. तोंड सुजून भोपळा, डोळ्यांच्या जागी दोन फटी आणि श्वासाची घरघर! डॉक्टरनं येऊन सुई टोचली. म्हणाला, “उशीर केला असता तर गेलाच होता. आता खाजवू देऊ नका,” आणि निघून गेला.

स्तोइमेन टबाशेजारी फरशीवर बसला. गारोचा पाय कानाकडे गेला की मध्ये आपला तळहात घालायचा. नखं हातावर ओरखडत होती.

“तिनं एकच गोष्ट सांगितली होती,” तो म्हणाला. “एकच! तीही मला...” आणि इस्पितळात नाही, कबरीवर नाही, तो तिथं ओक्साबोक्शी रडला.

झ्लात्का दारात उभी होती. ती कण्हत टबाच्या पलीकडे खाली बसली.

“ती काय बोलायची रे याच्याशी?”

“कुणास ठाऊक. मी बातम्या बघत असायचो.”

“मग आपण काय बोलायचं?”

“बस थांब्यांची नावं म्हणतो.”

त्यानं एकेक थांबा पुकारला. झ्लात्कानं दुसऱ्या कानावर हात ठेवला. हळूहळू गारोची घरघर मऊ झाली, पाय थांबले, तो झोपला.

“साखळीचं राहू दे,” झ्लात्का कुजबुजली. “उठ, सूप गरम करते.”

“झ्लात्का.”

“काय?”

“गुडघा धरलाय. उठता येत नाही.”

झ्लात्कानं टबाची कड पकडून स्वतः उठायला जोर लावला. पुन्हा लावला. मग भिंतीला टेकून म्हणाली, “पुढचा थांबा कुठला?”