कळशीतली मरळ

दादासोने एक मासा आटपाडीला न्यायचा ठरवला, एवढंच. पुढं जे झालं त्याला तो मासा जबाबदार नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दादासो माधवनगरच्या एका गिरणीत कापड तपासायला होता. (अख्ख्या ताग्यात एक धागा सुटलेला सापडला की गड्याला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.) त्याची बायको अनसूया पहिल्या बाळंतपणाला आटपाडीला माहेरी गेली होती. सातवा महिना सरत आला तरी तिच्या पोटात अन्न ठरेना. अंगानं भरायचं सोडून ती वाळायला लागली, तशी दादासोच्या सासूबाई बाळाबाईंनी त्याला कार्ड लिहवून घेतलं. पोरीला नदीच्या माशाचे डोहाळे लागलेत, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. खाली नर्सबाईंनी स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं, "मासे जरूर द्या. पण ताजे, पूर्ण शिजवलेले आणि काटे काढलेले. शिळं किंवा कच्चं काही पोटात जाता कामा नये. पुढे बाळाला भरवाल तेव्हाही हेच ध्यानात ठेवा."

दादासोने ते कार्ड तोंडपाठ केलं. वरून काही दाखवत नसला तरी मनातून तो पार घाबरला होता. बायको अशीच उपाशी राहिली तर तिचं आणि लेकराचं काय होणार, या काळजीत त्याच्या नजरेखालून दोन फाटके तागे पास झाले होते.

पण वैशाखाच्या उन्हात, विट्याला गाडी बदलून ताजा मासा न्यायचा कसा? सांगलीच्या घाटावर केरबा भोई म्हणाला, "मरळ घिऊन जा गड्या. लय चिवट जात. पान्यात घालून न्हेलीस तर आटपाडीत बी तुज्याकडं बघत ऱ्हाईल."

मग काय, कळशीत कृष्णेचं पाणी, पाण्यात वीत-दीडवीत मरळ आणि तोंडाला गिरणीतल्या कापडाचं फडकं बांधून दादासो एस्टीत चढला.

"काय हाय कळशीत?" कंडक्टरने विचारलं.

जिवंत जनावर म्हटलं तर हा बाबा खाली उतरवणार, या धास्तीनं दादासो बोलून गेला, "पानी हाय. किष्णामाईचं. बायकूला न्हेतोय, पोटुशी हाय."

झालं. गाडी दुष्काळी मुलखाकडं निघालेली. सगळी एस्टी त्याच्याकडं कौतुकानं बघायला लागली. एकानं तर उठून बसायला जागा दिली. विट्याला दुसऱ्या गाडीतही कंडक्टरला तेच सांगून बसला तोच सासरच्या गल्लीतली रंगुबाई शेजारी येऊन टेकली.

"जयभीम, पावणं. पानी न्हेताय म्हनं अनसूयेला. लय तहान लागलीया, मला बी घोटभर द्या की."

"न्हाई मावशी. ह्ये फकस्त तिच्यासाठी," असं म्हणून दादासो कळशीला मिठी मारून बसला. (आतून मरळीनं एक टोला हाणला. त्यानं खोकून वेळ मारून नेली.)

रंगुबाई काही पोटात ठेवणाऱ्यातली नव्हती. दादासो स्टँडजवळ लसूण-मिरच्या घेईपर्यंत ती गल्लीत पोचलीसुद्धा. तो दारात आला तर निम्मी गल्ली अंगणात जमलेली. बाळाबाईंना काय करू नि काय नको झालं होतं. "जावई असावा तर असा," म्हणत त्यांनी कळशी ओढून घेतली, फडकं तसंच ठेवून (पाणी गाळूनच प्यायचं, ही त्यांची शिस्त) पेला भरला आणि अनसूयेच्या हातात दिला.

दादासोच्या डोळ्यांपुढं नर्सबाईंचं अक्षर नाचायला लागलं. खरं सांगावं तर रंगुबाई समोरच पाय पसरून बसलेली, गल्लीदेखत अब्रू जाणार. गप्प बसावं तर पेला अनसूयेच्या ओठाशी पोचलेला. त्यानं झडप घालून तो हिसकावला आणि गटागटा स्वतःच पिऊन टाकला.

"आवं, पोटुशीच्या तोंडचं पानी पिलासा?" बाळाबाई म्हणाल्या.

"तहान लागलीती," दादासो म्हणाला.

त्यांनी दुसरा पेला भरला. तोही यानंच रिकामा केला.

"तरी म्या सांगत हुते," रंगुबाई सगळ्यांना म्हणाली. "लय हावरा मानूस हाय."

अनसूया रडायच्या बेताला आली. तिसरा पेला दादासो कसाबसा नरड्याखाली ढकलत होता, तेवढ्यात पाणी कमी झालेली मरळ वैतागली आणि फडकं उडवून थेट रंगुबाईच्या ओच्यात येऊन पडली.

रंगुबाई जी उठली ती वेशीपर्यंत थांबली नाही. अनसूया मात्र पोट धरून हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. मग दादासोला सगळं कबूल करावंच लागलं.

बाळाबाईंनी मरळीचं कालवण चांगलं रटरटा शिजवलं. दादासोनं एकेक तुकडा दाराच्या उजेडात धरून, कापड तपासावं तसा उलटसुलट तपासून काटा न् काटा काढला. अनसूयेनं दोन भाकरी खाल्ल्या. तासभर सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसले. पोटात अन्न ठरलं. दादासोच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि त्याला सासूदेखत रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. अनसूयेला नीट तपासून म्हणाल्या, "छान आहे सगळं. वांत्या थांबल्या का?"

"हिच्या थांबल्या," बाळाबाई म्हणाल्या आणि परसात ओणव्या झालेल्या जावयाकडं बोट दाखवलं. "त्येंच्या कालपास्नं सुरू झाल्यात. कितवा म्हैना म्हनायचा, ते आता तुमीच बघा."