आप्पांच्या छातीचं पिकगार्ड

सोलापुरात सोडाच, पार हैदराबादपर्यंत अशी इलेक्ट्रिक गिटार कोणी पाहिली नसेल, असं भीमाशंकर १९७४ साली भेटेल त्याला सांगत असे. वकील-डॉक्टरांच्या पाट्या करून उरलेल्या जाड अॅक्रिलिकमधून त्यानं ती स्वतः कापली होती. काचेसारखी आरपार! अडचण एवढीच, की आतल्या वायरी आणि सोल्डरचे गोळे खाटकाकडे टांगलेल्या बकऱ्यासारखे उघडे दिसत. शिवाय नखी घसरली की अंगावर ओरखडा. दोन्हींवर इलाज एकच, तारांखाली लावायचा पातळ पत्रा, म्हणजे पिकगार्ड. पण पत्रा लावला की आरपारपणा गेला. झाकायचंही आणि दाखवायचंही, या विवंचनेत गावातल्या डॉक्टरांच्या पाट्या खोळंबल्या.

उपाय घरातच, दाराआडच्या खिळ्याला लटकत होता. आप्पांच्या छातीचा एक्स-रे.

आप्पा, म्हणजे भीमाशंकरचे वडील चन्नप्पा, यांची उभी हयात गिरणीत कापसाची धूळ गिळण्यात गेली. मग टीबी झाला, इंजेक्शनं झाली, आणि बरं झाल्याची खूण म्हणून हा फोटो घरी आला. तेव्हापासून त्या दुखण्याचं नाव घरात निघत नसे. भीमाशंकरनं एक्स-रे मागितला तेव्हा त्याची आई नीलम्मा खूशच झाली. ते अवलक्षण घरात असलं की दुखणं वास काढत परत येतं, असं तिचं मत होतं. तिनं एक्स-रे देऊन टाकला आणि खिळ्याला विभूती लावली.

पिकगार्ड देखणं झालं. बरगड्या तारांखाली ओळीनं बसल्या. बटणासाठी गोल भोक पाडून त्यानं ते अॅक्रिलिक जोडायच्या क्लोरोफॉर्मनं असं चिकटवलं, की गिटार फुटेल पण छाती निघणार नाही.

थोड्याच दिवसांत आप्पांचा खोकला परतला. नव्या फोटोत वरच्या बाजूला डाग दिसला. जुन्यातही तेवढाच असेल तर तो वण, खुशाल घरी जा. वाढला असेल तर सगळं पहिल्यापासून, असं सांगून डॉक्टरांनी जुना एक्स-रे मागितला.

भीमाशंकर गिटार घेऊन आला.

डॉक्टरांनी एकदा बापाकडे, एकदा मुलाकडे पाहिलं आणि गिटार उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बाकावरचे पेशंट आपापली दुखणी विसरून दारात जमले. डॉक्टरांना एका जागी काळं दिसलं, ते सोल्डर निघालं. फासळीला तडा गेलाय म्हणाले, ती वायर होती. शेवटी त्यांचं बोट डागाच्या जागी आलं. तिथं बटण होतं.

"इथं काय होतं?"

"व्हॉल्यूम," भीमाशंकर म्हणाला.

बटण काढलं. भोक राहिलं. कापलेली चकती नीलम्मानं केव्हाच चुलीत घातली होती. डाग वाढलाय की तेवढाच आहे, हे आता देवालाही सांगता येणार नाही, असं म्हणून डॉक्टरांनी सुई उकळायला ठेवली.

परतताना टांग्यात आप्पा एका अंगावर कलून बसले होते. गिटार मांडीवर.

"वाजतीय का पण?" त्यांनी विचारलं.

"न्हाय अजून, आप्पा. आत कुटंतरी फॉल्ट हाय."

आप्पांनी गिटार उन्हात धरली. आपल्याच बरगड्यांतून त्यांनी रस्ता पाहिला, घोडा पाहिला.

"सगळं तर दिसतंय की."

"दिसतंय," भीमाशंकर म्हणाला. "फॉल्ट तेवढा दिसंना."