सावंतकाकूंचा आडवा पाट

भाईंदर पश्चिमेला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर सावंतकाकू एकट्या राहतात. दर संकष्टीला मोदक वळायला बसल्या की त्या स्वयंपाकघराच्या दारात पाट आडवा लावतात. आत कुणी यायचं नाही. मदतीचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "हात नको, तोंड घेऊन ये."

एक कळी वाकडी पडली तरी अख्खा मोदक मोडून पुन्हा वळतात. वरच्या शहाभाभींनी एकदा हौसेने विचारलं, "मैं भी बनाऊं?" काकू म्हणाल्या, "आप खाओ ना. वो भी बडा काम है."

माझ्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पप्पा रिक्षावर, आईला ऐकता ऐकता झोप लागते. म्हणून सेमिनारची तालीम मी काकूंपुढे करते, पाटाच्या अलीकडे बसून.

गेल्या संकष्टीला मी सुरुवात केली, "पेशीत प्रथिनांची घडी नीट बसावी लागते. बिघडलेली साठली की पेशीवर ताण येतो."

"माझंही तेच चाललंय गो. त्या मेल्या गिरणीवाल्याने पीठ बिघडवलंय."

ताटातले मोदक फुटून सारण बाहेर आलं होतं. गिरणीवाल्याला त्या सकाळीच "तुम्हारे चक्की में जान नहीं" असं सुनावून आल्या होत्या. शिवाय यंदा बिल्डिंगच्या गणपतीला विकतचे मोदक आणा, असंही बिल्डिंगवाल्यांना सांगून टाकलं होतं. आजवर हा नैवेद्य त्यांनी कुणाला करू दिला नव्हता.

तेवढ्यात मला त्यांची बोटं दिसली. कळी चिमटीत धरताना ती थरथरत होती. पिठाचा काही दोष नसावा.

मी आपला सेमिनारच पुढे वाचला. "पेशी आधी नवीन प्रथिनं बनवणं कमी करते. मग घडी घालायला मदत करणारी प्रथिनं वाढवते. जी सुधारत नाहीत ती मोडून टाकते. तरीही निभलं नाही, तर पेशी स्वतःला संपवते."

"म्हणजे संपायच्या आधी मदतीला बोलावते?"

"हो. ते आधी."

"लाज नाही वाटत तिला?"

"तसं... पुस्तकात नाहीये, काकू."

काकू हसल्या. मग हातातला फुटका मोदक त्यांनी ताटात ठेवला. उठल्या आणि दारातला पाट उचलून भिंतीला टेकवला.

"बाप्पाला विकतचे कसे द्यायचे गो? शीक आता. ये आत. तोंड राहू दे, हात घेऊन ये."