चारकोपच्या गच्चीचा तहनामा

चारकोपच्या मंगलदीप सोसायटीत गच्चीनिमित्त जे तुंबळ जाले, तयाचा मजकूर लोक तिखटमीठ लावोन सांगतात, सबब खरा वृत्तांत येथे लिहितो. बखरकार कोणाचा मिंधा नाही; जानकीबाईंचे पापड खाल्ले आहेत आणि सेक्रेटरींचा चहा प्याला आहे, इतकेच.

वैशाखमासी सूर्यनारायणाने उपनगर प्रांती ऐसा अंमल बसविला की, कबुतरेही सावली धरोन चालू लागली आणि गच्चीखालच्या चौथ्या मजल्यावर पूर्वेच्या टोकास राहणार वृद्ध सहदेवराव, पूर्वी गिरणीत साचे चालवीत, तयांची दुपारची झोप समूळ बुडाली. मग पालिकेने हवामानबदलाशी युद्ध पुकारोन आराखडा मुक्रर केला आणि हुकूम सोडिला की, इमारतींनी गच्च्यांस पांढरा रंग द्यावा, जेणेकरून ऊन माघारी फिरेल आणि खालील रयत थंडावेल. जी सोसायटी हे आधी करील तीस पितळी पाटी बहाल होईल. सेक्रेटरी श्यामसुंदरपंत, त्याच मजल्यावर पश्चिमेच्या टोकास राहणार, तयांस पाटीचा ध्यास लागला आणि रंगाचे डबे आले.

परंतु गच्चीवर सहदेवरावांचे कुटुंब जानकीबाई, मूळच्या मालवण प्रांतीच्या, यांचा जुना अंमल. पूर्वेच्या कोपऱ्यात जुन्या साड्या अंथरोन फणसाचे पापड, आमसुले, सांडगी मिरची ऐसी फौज वाळत पडलेली आणि बाई छत्री उघडोन कावळ्यांवर नजर ठेवोन बसलेल्या. रंगारी चाल करोन गेले, बाईंनी लाटणे दाखविले आणि रंगारी माघारे आले. मग पंतांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फर्माने सोडिली की, गच्ची सर्वांची आहे, साड्या उचलाव्या. बाईंनी प्रत्येक फर्मानाखाली हात जोडल्याचे चित्र पाठविले आणि जागच्या हलल्या नाहीत. सबब पंत जातीने चालोन गेले.

बाई म्हणाल्या, “पांढऱ्या रंगार पापड सुकूचे नाय. मगे काय तुमच्या टकलार घालू?”

पंतांची मर्जी खप्पा जाली, परंतु टक्कल वस्तुतः होते, सबब टोपी घालोन खाली उतरले आणि पालिकेस अर्ज धाडिला.

मग पालिकेचे इंजिनिअर देवव्रतसाहेब मध्यस्थीस आले आणि तह ठरला की, अर्धी गच्ची पांढरी, अर्धी पापडांस. पापडांची अर्धी कोणती, हे जानकीबाईंनी सांगावे. बाईंनी अर्थातच पूर्व मागितली आणि विजयी मुद्रेने खाली उतरल्या.

खाली सहदेवराव डोक्यास ओला पंचा बांधोन फरशीवर पडले होते आणि पंखा गरम वारा ओतीत होता. तयांच्या झोपमोडीचा दोष बाई चहास देत, आणि रावांचे आयुष्य गिरणीच्या उष्म्यात गेलेले, सबब तक्रार करणे तयांस ठाऊक नव्हते. बाईंनी तहाची कलमे सांगितली, तेव्हा मात्र ते बोलले.

“अगो, वर पापड सुकतत, हंय खाली मी सुकतंय.”

बाईंनी छताकडे पाहिले. नेमका पूर्वेचाच कोपरा. उन्हाळाभर आपण नवऱ्याच्या डोक्यावरचा तवा राखीत बसलो, हे तयांस तेव्हा उमगले.

मग बाई त्याच पावली वर गेल्या आणि सगळी फौज पश्चिमेस हलविली, म्हणजे थेट पंतांच्या पलंगावरील छतावर. पंतांनी दगा जाला म्हणोन तक्रार गुदरली, परंतु देवव्रतसाहेबांनी निवाडा दिला की, निवड बाईंची आणि रंग अजून लागला नाही. पूर्व पांढरीशुभ्र जाली. पाटी आली, फोटो निघाले, आणि पंत हल्ली भर दुपारी जिन्यात पाटीखाली खुर्ची टाकोन बसतात, कारण घरात बसवत नाही.

रंग वाळला त्या दुपारी सहदेवराव जेवोन आडवे जाले आणि घोरू लागले. जानकीबाई गच्चीवर जाणार होत्या त्या उशाशीच बसल्या आणि जिन्यात मोठ्याने बोलणाऱ्या पंतांस दाराआडून बोटाने गप्प केले. वर कावळ्यांनी पापडांची निम्मी फौज कापोन काढिली. ती कावकाव बाईंनी ऐकिली आणि जाऊ दिली. येणेप्रमाणे आराखडा चारकोपी फत्ते जाहला, ऐसे नमूद केले असे. मजकूर आवाज न करिता वाचावा.