वासूकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सगळे गुलाब पाठवतात. वासूकाका उलटी पडलेली चप्पल पाठवायचे. एकच. दुसरी कुठे आहे हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर ठरलेलं असायचं, "फोटो बोलता. तू ऐक."

कधी दोरीवर एकटाच वाळत घातलेला शर्ट, कधी खाडीच्या चिखलात रुतलेली होडी. पुतणीच्या लग्नात फोटो काढायला म्हणून गेले आणि पंगत उठल्यावरच्या उष्ट्या पत्रावळ्या काढून आणल्या. नवरीची आई अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

एरवी बोलण्यात काकांचा हात कुणी धरणार नाही. देवळात नारळ ठेवून दुसऱ्याची अडचण देवाच्या कानावर घालायची, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, ते काकांनीच. "बा देवा म्हाराजा, ह्या दत्तूच्या झिलाक नोकरी गावंदे, आणि दत्तूक जरा अक्कल येवंदे." यावर "व्हय म्हाराजा" असं सगळे एका सुरात म्हणायचे. दत्तूसुद्धा म्हणायचा. देवाला नाही म्हणायची सवडच काका देत नसत.

मग काकी गेल्या. मुलाने मुंबईहून हा मोबाइल आणून दिला आणि तो परत गेला. तेव्हापासून काकांनी गाऱ्हाणं घालणं सोडलं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "गळो बसलो हा." कसे आहात विचारलं तर, "बरो आसंय." कुणाचा गळा दोन वर्षं बसत नाही, हे वाडीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर शेजारीण, शाळेत पोरांना शिकवणारी. कुंपणावरून हाक मारली की आतून "बरो आसंय" यायचं आणि मी निर्धास्त व्हायचे.

यंदाच्या मे महिन्यात काकांनी कहर केला. रोज एकच फोटो. कौलं, वासे आणि फटीतून आलेला उजेडाचा ठिपका. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. "काकांचा घर गळता वाटता," ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. "पावसाआधी परतून घेवा," मुंबईकरांनी सल्ला दिला, तो ते फुकट देतात. दिवसही कौलं परतायचेच होते. आमच्या वाडीचं एकमत इतक्या लवकर कशावरच होत नाही, पण या कामावर झालं. कौलं परतणारा पांडू शिडी घेऊन निघाला आणि त्याच्यासाठी चहा करायला म्हणून मी.

पांडू छपरावर चढला, मी आत गेले. काका खाटेवर उताणे पडले होते. दाढी वाढलेली, अंगाला वास येत होता, मोबाइल छातीवर. मी उशाशी टेकले.

"वयनी, एक पण कौल फुटूक नाय," पांडूचा वरून आवाज आला.

मी मान वर केली. तोच फोटो होता. तेच वासे, तोच ठिपका, उशीवरून दिसतो अगदी तसा. छप्पर गळत नव्हतं. आपल्याला उठवत नाही, एवढंच काका रोज सांगत होते, आणि आम्ही खाली अंगठे टाकत होतो.

"काका, काय होता तुमका?"

"बरो आसंय."

मला दुसरं काही सुचेना. देवाचं नि माझं जेमतेम, तरी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आमच्या काकांक बरां वाटणा नाय. तर..." पुढे शब्द सापडेनात.

"व्हय म्हाराजा," वरून आलं. पांडूने एक कौल सरकवून आत डोकं घातलं होतं. हसावं की रडावं ते कळेना.

काकांनी डोळे उघडले. "तसा नाय गो बाय. नाव घेवचा लागता. गाऱ्हाणा कोणाचा, ता देवाक कळाक होया."

मग पडल्यापडल्याच त्यांनी हात जोडले. गळा काही बसलेला नव्हता.

"बा देवा म्हाराजा, हो वासू. शालिनी गेली तेवापासून ह्येका सकाळ नको वाटता. जेवाण गोड लागणा नाय. माणसांत जावचा वाटणा नाय. रडूक पण येणा नाय..."

साऱ्या गावासाठी कधी न अडखळलेला माणूस तिथे अडला.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. पांडूही म्हणाला, पण या खेपेला हळू.

मुलगा आला, कुडाळच्या डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, ते सगळं नंतर. त्या दुपारी काका खूप वेळ रडले. मी त्यांचा हात धरून बसले होते, आणि पांडू एकही कौल न फुटलेल्या त्या छपरावर उन्हात तसाच बसून राहिला.