शेपटाशी दिवा

श्यामकांत गेले ते मरोळच्या गाळ्यातच, आपल्या टेबलावर डोकं टेकून. म्हणून दिवसांचा दिवा बोरीवलीच्या घरी न लागता त्याच टेबलावर लागला. खाली पीठ पसरलं होतं. गेलेलं माणूस पुढे कुठला जन्म घेणार, त्याचं पाऊल त्यात उमटतं, असं त्यांच्या पत्नी जयंतीबाई यांच्या सासूबाई सांगत.

दिव्याशेजारीच श्यामकांतांची शेवटची नळी होती. उपग्रहातल्या यंत्रांची उष्णता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेऊन बाहेर टाकणारी. त्यांनी स्वतःच ती पातळीत बसवली होती. केसभर हलली तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

"ही पास झाली की गाळा विकून टाकू," असं मुलाने, केयूरने, स्मशानातून परततानाच आईला सांगितलं होतं. जयंतीबाई नव्या नवरी होत्या तेव्हा इथे एकच लेथ होता आणि दारात म्हशी चरायच्या.

तपासनीस सहदेवसाहेब आले आणि नळी तापायला लागली.

"वाट लागली," गाळ्यातली इंजिनीअर गंधाली म्हणाली. "चाळीसवर थांबायला हवी, ही पन्नासकडे चाललीय."

"सेन्सर बदल ना!" केयूर म्हणाला.

"बदलला रे. नवासुद्धा तेच बोंबलतोय."

केयूरने एसी वाढवला. गार झोताने ज्योत फडफडली. ती विझू नये म्हणून जयंतीबाईंनी तेल घालून वात मोठी केली. नळी आणखी तापली. केयूरने एसी आणखी वाढवला. जयंतीबाईंनी दुसरी वात लावली.

"आमच्या काकांना कावळा शिवेना, तेव्हा अस्संच झालं होतं," सहदेवसाहेब हळूच म्हणाले. "तुमच्या वडिलांचं काही राहिलंय का हो?"

इतक्यात गंधाली ओरडली, "काकू, दिवा! नळीच्या शेपटाशी वायूची कुपी आहे. ती गार असली की वायू गपचूप बसतो. तापली की फुगून नळीत शिरतो आणि उष्णतेची वाटच अडवतो. दिवा जरा सरकवा ना, प्लीज!"

केयूरने हात पुढे केला.

"हात लावून तर बघ! दिवसांचा दिवा जागचा हलवत नाहीत."

"आई, बाबांची नळी नापास होईल!"

जयंतीबाई म्हणाल्या, "साहेब बोलले ते खरंय. ह्यांचं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"हा गाळा."

आकडा चढतच होता. सहदेवसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. केयूरने टेबलावर, थेट पिठातच, हात आपटला. "नाही विकत! बाबा, शब्द देतो, नाही विकत. झालं?"

जयंतीबाईंनी दिवा उचलला आणि खिडकीत नेऊन ठेवला.

आकडा उतरायला लागला. चाळीसवर येऊन ठरला. सहदेवसाहेबांनी आधी मीटरला नमस्कार केला, मग सही केली.

"पण आई, दिवा हलवत नाहीत ना?"

"अडलं तर हलवतात."

तेवढ्यात नणंदेचा, मालनताईंचा, फोन आला. "जयंती, पिठात काही उमटलं का गं?"

जयंतीबाईंनी वाकून पाहिलं. पाच बोटं, अंगठा किंचित बाहेर वळलेला. अगदी ह्यांच्यासारखा.

"पंजा उमटलाय, वन्सं."

"अगो बाई! कसला?"

"माणसाचा. ह्याच गाळ्यात परत येणार म्हणतायत."

पलीकडे बेसिनवर केयूर हात धूत होता. त्यांनी पिठावर अलगद टोपली झाकली.